नुसती सरासरी विचारू नका

मुंबई–गोवा महामार्गाला जिथे कोल्हापूरचा रस्ता मिळतो, त्या हातखंब्याच्या तिठ्याच्या आसपासच्या वाड्यांतून बचत गटांचं काम करणाऱ्या आम्ही समन्वयक आज तुमच्याशी बोलणार आहोत. चुलीवर भात ठेवून ऐकत असाल तर ऐका. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आणखी बरं, कारण आज थोडा हिशोब आहे. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे आम्ही जाणार नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला. त्यानंतर गटाच्या बैठकांत एक नवीनच विषय सुरू झाला. एरवी ‘आमच्यात ते पोरगे बघतात’ म्हणणाऱ्या मावशीसुद्धा स्मृती, जेमिमा, दीप्ती अशी नावं घ्यायला लागल्या. आणि मग प्रश्न आले. टीव्हीवर खेळाडूच्या नावाखाली दोन आकडे येतात, एक सरासरी आणि एक स्ट्राइक रेट. त्यातला मोठा कुठला? कुठल्या आकड्यावरून ठरवायचं की ही मुलगी चांगली खेळते?

प्रश्न साधा वाटतो. पण आपल्या गटाच्या वहीतसुद्धा असेच आकडे असतात, आणि त्यांच्यावरून आपण एखादीला कर्ज द्यायचं की नाही हे ठरवतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. आधी मैदानावर जाऊ, मग वहीकडे येऊ.

सरासरीपासून सुरुवात करू. शाळेत आपण शिकलो ती सरासरी अशी: सगळ्यांची बेरीज करायची आणि जितके जण असतील तितक्यांनी भागायचं. क्रिकेटची सरासरी जरा निराळी आहे. तिथे धावांना डावांनी भागत नाहीत. ती मुलगी जितक्या वेळा बाद झाली, तितक्यांनी भागतात. समजा, आपल्या वाडीतली एक मुलगी १० डाव खेळली आणि तिच्या धावा झाल्या २००. ती दहाही वेळा बाद झाली असती तर सरासरी आली असती २०. पण ती पाच वेळा नाबाद राहिली. मग २०० ला ५ ने भागायचं, सरासरी झाली ४०. धावा तेवढ्याच, डाव तेवढेच, पण भागाकारातला खालचा आकडा बदलला आणि सरासरी दुप्पट झाली.

जगातली सगळ्यांत गाजलेली सरासरी ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांची. कसोटी सामन्यांत ते ८० डाव खेळले, त्यातल्या १० डावांत नाबाद राहिले, धावा केल्या ६,९९६. त्यांना ७० ने भागलं की येतात ९९.९४. १९४८ साली ओव्हलच्या मैदानावर शेवटच्या डावाला ते उतरले, तेव्हा चार धावा केल्या असत्या तर सरासरी १०० झाली असती. ते शून्यावर बाद झाले. आता त्याच धावांना सगळ्या ८० डावांनी भागून बघा, ८७.४५ येतात. तोच माणूस, त्याच धावा. आपण खाली काय लिहितो त्यावर उत्तर ठरतं.

त्याच १९४८ सालच्या डिसेंबरमध्ये पुण्यात एक गोष्ट घडली. आपल्या तिठ्यावरून जो रस्ता कोल्हापूरला जातो, त्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी सामना खेळत होते. त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. तेव्हा जगातली सर्वांत मोठी खेळी ब्रॅडमन यांची होती, ४५२. आणखी दहा धावा केल्या असत्या तर विक्रम आपल्याकडे आला असता. पण काठियावाडच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या सामन्यात भारतीय खेळाडूने केलेली सर्वांत मोठी खेळी अजूनही तीच आहे. आणि एवढं करूनही निंबाळकरांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. म्हणजे आकडा कितीही मोठा असला तरी तो बघणाऱ्याने बघायला लागतो.

आता दुसरा आकडा, स्ट्राइक रेट. हा अगदी सोपा. खेळाडूने १०० चेंडू खेळले असते तर त्या वेगाने किती धावा झाल्या असत्या? धावांना चेंडूंनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. ५० चेंडूंत ३० धावा म्हणजे स्ट्राइक रेट ६०. सरासरी सांगते की एकदा बाद होण्याआधी किती धावा मिळतात. स्ट्राइक रेट सांगतो की त्या किती वेगाने मिळतात.

हे दोन आकडे किती उलट दिशेला जाऊ शकतात, याचं उदाहरण सुनील गावसकरांचं. ७ जून १९७५, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाचा लॉर्ड्सवरचा सामना. इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या. त्यानंतर गावसकर सलामीला आले आणि ६० षटकं संपेपर्यंत खेळतच राहिले. १७४ चेंडू खेळून त्यांनी नाबाद ३६ धावा केल्या. भारताच्या धावा झाल्या १३२ आणि आपण २०२ धावांनी हरलो. आता त्या एका दिवसाची सरासरी काढा बघू. ३६ ला शून्याने भागायचं, कारण ते एकदाही बाद झाले नाहीत. भागाकारच होत नाही! ‘कुणी त्यांना बाद करू शकलं नाही’ हेही खरं. आणि स्ट्राइक रेट काढला तर २१ सुद्धा भरत नाही. लक्षात ठेवा, हेच गावसकर कसोटीत १०,००० धावा करणारे जगातले पहिले फलंदाज. तिथे दिवसचे दिवस टिकून राहणं हेच मोलाचं होतं. ६० षटकांच्या सामन्यात मोल वेगाला होतं.

आता या दोन आकड्यांचं एकमेकांशी नातं काय? बऱ्याच जणींना वाटतं की ते दोन वेगळेच आकडे आहेत. तसं नाही. त्यांच्यामध्ये एक तिसरा आकडा लपलेला असतो, एकदा बाद होण्याआधी खेळाडू किती चेंडू खेळते. हे तिन्ही एका साखळीत आहेत. स्ट्राइक रेटला त्या चेंडूंनी गुणा आणि १०० ने भागा, सरासरी मिळते.

पडताळून बघू. एक मुलगी ५० चेंडूंना एकदा बाद होते आणि तिचा स्ट्राइक रेट ६० आहे. ५० गुणिले ६० म्हणजे ३,०००, भागिले १००, सरासरी ३०. दुसरी मुलगी २५ चेंडूंनाच बाद होते, पण तिचा स्ट्राइक रेट १२० आहे. २५ गुणिले १२० म्हणजे पुन्हा ३,०००, सरासरी पुन्हा ३०. सरासरी विचारली तर दोघी सारख्या. पण पहिली टिकून खेळणारी आहे, दुसरी फटकेबाज. सरासरीच्या पोटात टिकणं आणि वेग या दोन्ही गोष्टी एकत्र शिजलेल्या असतात. आमटी चाखून मीठ कमी की जास्त ते कळतं, पण त्यात पाणी किती ओतलं ते सांगता येत नाही, तसंच हे.

सचिन तेंडुलकरचा हिशोब लावून बघा. एकदिवसीय सामन्यांत त्याच्या १८,४२६ धावा. ४५२ डाव, त्यातले ४१ नाबाद, म्हणजे ४११ वेळा बाद. सरासरी ४४.८३ आणि स्ट्राइक रेट ८६.२३. आता सरासरीला स्ट्राइक रेटने भागून १०० ने गुणा. उत्तर येतं जवळजवळ ५२. म्हणजे सचिन साधारण दर ५२ चेंडूंना एकदा बाद व्हायचा. हा आकडा टीव्हीवर सहसा दाखवत नाहीत, पण बाकीचे दोन हातात असले की तिसरा आपला आपण काढता येतो.

मग चांगलं काय, टिकणं की वेग? याचं उत्तर ३० ऑक्टोबर २०२५ च्या उपांत्य सामन्यात आहे. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. आपल्याला ३०० चेंडूंत ३३९ हव्या होत्या, म्हणजे साऱ्या संघाला मिळून ११३ चा स्ट्राइक रेट लागणार होता. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १३४ चेंडू खेळली आणि नाबाद १२७ धावा केल्या. हिशोब केला तर तिचा स्ट्राइक रेट ९५ च्या आसपास येतो. हवा होता त्यापेक्षा कमी! हरमनप्रीतने ८८ चेंडूंत ८९ केल्या, तोही ११३ पेक्षा कमीच. नुसता तो एकच आकडा बघणारी म्हणेल, या दोघी संथ खेळल्या.

पण या दोघींनी मिळून १६७ धावांची भागीदारी केली, एक बाजू पडू दिली नाही. म्हणून मागून येणाऱ्या जणींना न घाबरता मारता आलं. दीप्तीने १७ चेंडूंत २४, रिचा घोषने १६ चेंडूंत २६, अमनजोतने ८ चेंडूंत नाबाद १५. रिचाचा स्ट्राइक रेट १६२ च्या वर. नऊ चेंडू शिल्लक असताना आपण जिंकलो. जेमिमा नसती तर रिचाला फटके मारायची मोकळीक नव्हती, आणि रिचा नसती तर जेमिमाचं टिकणं अपुरं पडलं असतं. आणि हीच जेमिमा, तिला त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात अकरा जणींत जागा मिळाली नव्हती.

आता थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. तिथे क्रिकेटसारखाच बॅट-चेंडूचा एक खेळ आहे, बेसबॉल. त्याचंच भावंडं म्हणजे सॉफ्टबॉल. हे दोन्ही खेळ आपल्या महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांतही आहेत, तेव्हा तुमच्या लेकी कदाचित खेळतही असतील. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू मारायचा आणि बाद न होता पुढच्या बेसवर पळायचं. छोट्या फटक्यावर एक बेस मिळतो, मोठा फटका मारून सगळी फेरी पूर्ण केली की चार बेस. आणि टाकणाऱ्याने चार चेंडू वाईट टाकले आणि आपण ते मोह न धरता सोडून दिले, तर पहिला बेस फुकट मिळतो.

तिथे शंभर वर्षं एकाच आकड्याचं राज्य होतं. फटका मारून बेस गाठल्याच्या वेळा, भागिले बॅटिंगच्या मोजलेल्या संधी. यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे, एक बेसचा फटका आणि चार बेसचा फटका दोन्ही सारखेच मोजले जातात. दुसरी, वाईट चेंडू सोडून मिळवलेला बेस मोजलाच जात नाही, ना वर, ना खाली.

समजा दोन मुली प्रत्येकी १२ वेळा बॅटिंगला आल्या. पहिलीने चार छोटे फटके मारले. १२ पैकी ४, म्हणजे शेकडा ३३. दुसरी चार वेळा वाईट चेंडू सोडून बेसवर गेली, त्या चार संधी हिशोबातच धरल्या नाहीत. उरलेल्या ८ पैकी २ वेळा तिने फटका मारला, म्हणजे शेकडा २५. वहीत पहिली पुढे. पण दुसरीचे ते दोन्ही फटके चार-चार बेसचे होते. बेस मोजले तर पहिलीचे ४ आणि दुसरीचे ८. आणि कशीही असो, बेसवर किती वेळा पोचली हे मोजलं तर पहिली १२ पैकी ४ वेळा आणि दुसरी १२ पैकी ६ वेळा. तीन आकड्यांपैकी दोन दुसरीच्या बाजूने बोलतात. पण ज्या आकड्याला मान होता, तो नेमका उलट बोलत होता.

‘बेसवर किती वेळा पोचला’ हा आकडा तिथे १९८४ साली अधिकृत झाला. त्यानंतरही बरीच वर्षं संघ जुन्याच आकड्यावर पैसे मोजत राहिले. २००२ साली ओकलंड नावाच्या शहरातल्या, हातात पैसा कमी असलेल्या संघाने वेगळं केलं. जे खेळाडू बेसवर जास्त वेळा पोचतात पण जुन्या आकड्यात उठून दिसत नाहीत, म्हणून स्वस्तात मिळतात, असे खेळाडू घेतले. त्या वर्षी त्यांनी सलग २० सामने जिंकले, आणि वर्षभरात १०३. न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाने खेळाडूंच्या पगारावर साधारण तिप्पट पैसा खर्च केला आणि तेही १०३ च जिंकले. ओकलंडचे चेंडू टाकणारे खेळाडूही उत्तम होते, आणि पुढच्या बाद फेरीत ते हरले, तेव्हा सगळं श्रेय एका आकड्याला द्यायला नको. पण ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं अशी माणसं त्यांना सापडली, कारण त्यांनी विचारलं की आपण मोजायचं काय विसरतो आहोत?

मैत्रिणींनो, आता वहीकडे येऊ.

आमच्या एका गटात दोघी ताईंनी प्रत्येकी १२,००० रुपये कर्ज घेतलं होतं. महिन्याला १,००० रुपये, १२ हप्ते. व्याज आपण बाजूला ठेवू. गटाच्या वहीत हप्त्याच्या रकान्यात पैसे आले की बरोबरची खूण, नाही आले की फुली, अशी पद्धत होती. वर्ष संपलं. पहिल्या ताईच्या नावापुढे १२ पैकी ९ खुणा, म्हणजे शेकडा ७५. दुसरीच्या नावापुढे ११ खुणा, म्हणजे जवळजवळ ९२. पुढच्या वर्षी दोघींनी पुन्हा कर्ज मागितलं. बैठकीत सूर निघाला की पहिलीला नको, तिने तीन हप्ते चुकवले, दुसरी नियमित आहे.

तेव्हा आम्ही म्हटलं, खुणा मोजल्या तशा रुपयेही मोजू या. पहिली ताई आंब्याच्या बागेत मजुरीला जाते. भात कापणी झाली की आंबा सुरू होईपर्यंत तिच्या हाताला काम नसतं. तिने ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते दिले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे तीन महिने तिला जमले नाहीत. मार्चचा हप्ता दिला. एप्रिल आणि मे मध्ये आंब्याची मजुरी हातात आली, तेव्हा दोन्ही महिने २,५०० प्रमाणे भरले. मेअखेर आठ हप्त्यांचे ८,००० यायला हवे होते, ते आठही हजार आले. पुढे पावसाळ्यात लावणीच्या मजुरीतून उरलेले चार हप्ते भरले. वर्षाअखेर १२,००० पैकी १२,०००. शंभर टक्के.

दुसरी ताई अकरा महिने न चुकता आली, पण दर वेळी ६०० रुपये देत होती. खूण होत होती. रुपये झाले ६,६००, म्हणजे शेकडा ५५.

वही खोटं बोलत नव्हती. दोन्ही आकडे खरे होते. एक आकडा ‘किती वेळा’ ते सांगत होता, दुसरा ‘किती’ ते सांगत होता. मघाचं बेसबॉलचं उदाहरण आठवा. एक बेसचा फटका आणि चार बेसचा फटका एकाच खुणेने मोजला, की असं होतं.

बैठकीत मग बराच वेळ बोलणं झालं. पहिल्या ताईला कर्ज मिळालं, आणि तिच्या हप्त्यांची आखणी हंगामाप्रमाणे झाली: थंडीत लहान हप्ता, एप्रिल-मे मध्ये मोठा. दुसऱ्या ताईलाही कुणी दूषण दिलं नाही. तिला विचारलं तेव्हा कळलं की महिन्याला १,००० तिला पेलवतच नव्हते, आणि सांगायला तिला संकोच वाटत होता. ‘नियमित’ म्हणून तिचं कौतुक होत राहिलं असतं, तर तिच्यावर आणखी एक कर्ज चढलं असतं. म्हणजे चुकीच्या आकड्याने एकीचं कर्ज अडत होतं, आणि दुसरीचा गळा आवळत होता.

दुसरी गोष्ट गटाची. ‘आमची वसुली शंभर टक्के’ हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवं. परतफेड नीट नसेल तर बँक दारात उभं करत नाही, आणि एकीची थकबाकी दहा जणींना भोवते. पण त्या शंभराच्या खाली काय आहे तेही बघा. समजा दोन गटांकडे प्रत्येकी ६०,००० रुपये भांडवल आहे, आणि दोघेही सदस्यांना वर्षाला शेकडा १२ व्याजाने कर्ज देतात. पहिला गट भीत भीत देतो. वर्षभर सरासरी १५,००० च बाहेर असतात, म्हणजे भांडवलाचा पाव हिस्सा. वसुली शंभर टक्के. दुसऱ्या गटाचे ४८,००० फिरत असतात, म्हणजे शेकडा ८०. त्यांचे थोडे हप्ते मागेपुढे होतात, वसुली ९६ टक्के.

इथेही तीच साखळी आहे. भांडवल गुणिले कर्जात फिरणारा हिस्सा गुणिले व्याजदर. पहिल्या गटाचं वर्षाचं व्याज १,८०० रुपये. दुसऱ्याचं ५,७६०. पहिला गट म्हणजे लॉर्ड्सवरचे नाबाद ३६. विकेट गेली नाही, पण लेकीच्या ॲडमिशनला, कोकमाच्या धंद्याला, दवाखान्याला ज्या बायकांना पैसे हवे होते, त्या सावकाराकडे गेल्या. याचा अर्थ वसुलीकडे दुर्लक्ष करा असा नाही. उशिरा आलेला हप्ता वेगळा आणि बुडालेला हप्ता वेगळा, हे दोन्ही वेगवेगळे लिहा. आणि वसुलीच्या शेजारी ‘किती पैसा फिरला’ हा आकडाही लिहा. म्हणून तर आपल्या पंचसूत्रीत पाच गोष्टी आहेत: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. एकाच गोष्टीने काम भागलं असतं तर पाच कशाला सांगितल्या असत्या?

तिसरी गोष्ट ग्रामसंघात बसणाऱ्या ताईंसाठी. सरासरीची सरासरी काढू नका. समजा एका गटाची वसुली १०० टक्के आणि दुसऱ्याची ८० टक्के. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं की ९०, आणि आपण लिहितो गावाची वसुली ९० टक्के. पण पहिल्या गटाचे येणे होते फक्त ५,००० आणि दुसऱ्याचे ४५,०००. पहिल्याचे ५,००० आले, दुसऱ्याचे ३६,००० आले. एकूण ५०,००० पैकी ४१,०००, म्हणजे ८२ टक्के. ९० आणि ८२ मध्ये ४,००० रुपयांचा फरक आहे. क्रिकेटमध्येही दोन वर्षांच्या सरासऱ्या मिळवून दोनाने भागत नाहीत. सगळ्या धावा एकत्र करतात, सगळ्या वेळचं बाद होणं एकत्र करतात, आणि मग भागतात. आधी बेरीज, मग भागाकार.

एवढं सगळं लक्षात राहायला कठीण वाटलं तर तीनच प्रश्न पाठ करा. कुणी कुठलाही आकडा सांगितला, गटाचा, शाळेचा, बँकेचा, की विचारायचं: एक, वर काय आहे? दोन, खाली काय आहे, म्हणजे कशाने भागलं? आणि तीन, यात काय मोजलंच नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. खो-खो खेळणाऱ्या लेकी घरात असतील तर त्यांना विचारा. सामन्याच्या बातमीत मुलीचं नाव येतं तेव्हा तिने किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी टिपले, असं दोन्ही लिहितात. एकावर भागत नाही. आपल्या गटातही अशा ताई असतात की ज्यांची बचत कमी, कर्ज लहान, वहीत नाव कुठे वर येत नाही. पण बैठकीचा निरोप वाडीवाडीत त्याच पोचवतात, बँकेत त्याच रांगेत उभ्या राहतात, आजारी सदस्येच्या घरी जाऊन तिचा हप्ता त्याच घेऊन येतात. वाईट चेंडू सोडून बेसवर पोचणाऱ्या खेळाडूसारख्या. त्यांच्यासाठी वहीत रकानाच नाही. तो रकाना आखायचा की नाही, हे आता तुम्ही ठरवा.

जाता जाता एक काम. पुढच्या बैठकीत परतफेडीच्या पानावर खुणेच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा: ‘येणे किती होते’ आणि ‘आले किती’. तीन महिने भरा. मग दोन्ही हिशोब काढा, हप्त्यांचा आणि रुपयांचा. ज्या ताईचे दोन आकडे एकमेकांपासून लांब गेलेले दिसतील, तिच्यावर शिक्का मारू नका. तिच्या पडवीत जाऊन बसा, चहा घ्या आणि विचारा, तुझ्या हातात पैसे कुठल्या महिन्यात येतात? हप्त्याची आखणी तिथून सुरू करा.

पुढच्या वेळी आपण गटाच्या लेखापरीक्षणाला कुठली कागदपत्रं तयार ठेवायची यावर बोलू. तोपर्यंत वही नीट ठेवा, तब्येतीला जपा. नमस्कार.